औषधसंशोधनातले प्राणी : नीती, नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पाषाणला विषाणू संस्था, गणेशखिंडीत पेशीविज्ञान संस्था, हडपसरला लशींचा कारखाना आणि गल्लोगल्ली फार्मसी कॉलेजं. पुण्यात हा विषय कुणालाच फार लांबचा नाही. खालची उत्तरं एम. फार्म.च्या विद्यार्थ्यांपासून नीतिसमितीवर नव्याने आलेल्या सदस्यांपर्यंत आणि रुग्णांपासून प्राणिमित्रांपर्यंत सगळ्यांसाठी आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी तपशिलातच नीती आहे.

प्राण्यांवर प्रयोग करणं कायदेशीर आहे का?

आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आपल्याकडे लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार नवं ज्ञान मिळवणं, जीव वाचवणं, आयुष्य वाढवणं, वेदना कमी करणं किंवा रोगाशी लढणं यासाठी केलेला प्रयोग बेकायदा ठरत नाही. मात्र ही मोकळीक सशर्त आहे. कलम १७ पुढे सांगतं की टाळता येईल तिथे प्राणी वापरू नयेत, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, शस्त्रक्रियेत भूल द्यावी आणि केवळ हात बसावा म्हणून प्राण्यावर प्रयोग करू नयेत. १९६० साली लिहिलेल्या कायद्यात हे आहे, याचं आजही कौतुक वाटतं. दंडाची रक्कम मात्र त्याच काळात अडकली आहे. प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीचा आदेश मोडला तर कमाल दंड २०० रुपये. खरी भीती असते ती नोंदणी रद्द होण्याची आणि मंजुरी क्रमांक नसल्यामुळे शोधनिबंध परत येण्याची.

परवानगी कोण देतं? प्रक्रिया काय?

देखरेख करणारी केंद्रीय समिती पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची, आता तिचं नाव सीसीएसईए आहे. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिच्याकडे नोंदणी करावी लागते आणि स्वतःची प्राणी नीतिसमिती, म्हणजे आयएईसी, नेमावी लागते. या समितीत आठ जण असतात: एक जीवशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या शाखांचे दोन शास्त्रज्ञ, एक पशुवैद्य, प्राणीगृहाचे प्रमुख, संस्थेबाहेरचे एक शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरची एक समाजाभिमुख व्यक्ती आणि केंद्रीय समितीने नेमलेला प्रतिनिधी. बैठकीला हा प्रतिनिधी हवाच.

अर्ज फॉर्म बी मध्ये करायचा. उंदीर, ससे, गिनीपिग अशा लहान प्राण्यांचे प्रस्ताव संस्थेची समितीच मंजूर करू शकते. कुत्रा, माकड यांसारखे मोठे प्राणी असतील तर संस्थेची समिती शिफारस करते आणि निर्णय केंद्रीय समिती घेते.

अर्ज परत येण्याची कारणं वर्षानुवर्षं तीच. प्राण्यांच्या संख्येपुढे ‘मागच्या शोधनिबंधानुसार’ एवढंच लिहिलेलं असतं. पर्यायांच्या रकान्यात ‘पर्याय उपलब्ध नाहीत’ असं एक वाक्य असतं, पण काय शोधलं आणि कुठे शोधलं याचा पत्ता नसतो. वेदनाशामकाचं नाव असतं, मात्रा नसते. आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट: प्राण्याची अवस्था किती बिघडली की प्रयोग तिथेच थांबवायचा, हे लिहिलेलंच नसतं. यांतलं एकही कारण तत्त्वज्ञानाचं नाही. तरीही प्राण्याच्या वाट्याला काय येणार हे याच रकान्यांत ठरतं.

‘थ्री आर’ म्हणजे काय?

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं साधन वापरा, लागणाऱ्या प्राण्यांची संख्या कमी करा आणि जे वापराल त्यांच्या वेदना कमी करा. भारताने त्यात प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाचा चौथा ‘आर’ जोडला आहे.

किती प्राणी घ्यायचे हे कसं ठरवतात? कमीत कमी घेतले की झालं ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. गरजेपेक्षा जास्त घेतले तर वरचे फुकट गेले. पण फारच कमी घेतले तर निष्कर्षच निघत नाही आणि मग सगळेच फुकट गेले. दुसरा प्रकार जास्त वाईट. तो काटकसरीच्या नावाखाली खपून जातो, म्हणून आणखी वाईट.

एक उदाहरण घ्या. दोन गटांतला फरक एका प्रमाणित विचलनाएवढा (मोजमापं सरासरीभोवती किती विखुरली आहेत त्याचं माप) अपेक्षित आहे. तो ८० टक्के खात्रीने आणि ५ टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के ठेवून) पकडायचा, तर प्रत्येक गटात साधारण १७ प्राणी लागतात. आता वय, वजन, लिंग आणि मोजमापाची वेळ काटेकोर सांभाळून मोजमापातला विखुरलेपणा निम्म्यावर आणला, तर तोच फरक दोन विचलनांएवढा होतो आणि गटाला ६ प्राणी पुरतात. म्हणजे प्राणी वाचवायचे असतील तर आधी मोजमाप सुधारायचं. गटाला सहा असा सरधोपट नियम कुठेही नाही, जरी निम्मे अर्ज तसं धरून चालत असले.

विचलनाचा अंदाजच नसेल तर एक सोपं समीकरण वापरतात. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची. उत्तर १० ते २० च्या दरम्यान आलं पाहिजे. चार गट, प्रत्येकी पाच प्राणी, म्हणजे २० वजा ४, उत्तर १६. चालेल. चार गट, प्रत्येकी दहा, म्हणजे ३६. समिती कारण विचारणारच.

इथे एक जुनी चूक हमखास होते. औषध पाण्याच्या बाटलीतून दिलं आणि पिंजऱ्यात पाच उंदीर आहेत, तर नमुने पाच झाले असं विद्यार्थी धरतात. पण औषध पिंजऱ्याला दिलंय, उंदराला नाही. नमुना एकच. शिवाय उपचाराचे सगळे पिंजरे वरच्या फळीवर आणि तुलनेचे खाली ठेवले, तर वरचा उजेड हाच ‘औषधाचा परिणाम’ म्हणून मोजला जातो. चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकावर यादृच्छिक वाटणी करा, आणि मोजमाप घेणाऱ्याला गट कळू देऊ नका. याला काडीचाही खर्च येत नाही.

प्राण्याला दुखतंय हे कसं ओळखायचं?

उंदीर भक्ष्य असलेला प्राणी आहे, दुखणं लपवतो. माणूस पिंजऱ्यासमोर उभा राहिला की तो आणखी शांत बसतो. म्हणून रोज ठरलेल्या वेळी वजन, अंगावरच्या केसांची स्थिती, पाठीचा बाक आणि घरटं बांधणं बघायचं. लहान उंदरासाठी २०१० पासून चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी वापरतात. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: डोळे मिटलेले, नाकाचा फुगवटा, गालाचा फुगवटा, कानांची ठेवण, मिशांची दिशा. मूळ वजनात २० टक्के घट ही प्रयोग थांबवण्याची सर्रास वापरली जाणारी मर्यादा आहे. ‘मरेपर्यंत निरीक्षण’ असं अर्जात दिसलं तर समितीने तिथेच पेन खाली ठेवावं.

वेदनाशामकाच्या मात्रेत घोळ होतो तो पातळ करण्यात. ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाची लहान उंदरासाठीची नेहमीची मात्रा किलोला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम. कुपीत असतं मिलीला ०.३ मिलिग्रॅम. २५ ग्रॅमच्या उंदराला त्यातलं काही हजारांश मिली द्यावं लागेल, जे कुठल्याही सिरिंजमध्ये मोजता येत नाही. म्हणून वीसपट पातळ करायचं, मग ०.१ मिली दिलं की किलोला ०.०६ मिलिग्रॅम बसतं. परिणाम साधारण ६ ते १२ तास टिकतो. संध्याकाळी पाचला एकदा टोचून घरी गेलं तर रात्रभराची वेदना प्राण्याच्या माथी. हे औषध अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, त्यामुळे परवान्याची व्यवस्था आधी करा. औषध आणि मात्रा यांवर शेवटचा शब्द पशुवैद्याचा.

रक्त काढतानाही असंच. उंदरात रक्त वजनाच्या ७ ते ८ टक्के, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदरात जेमतेम दोन मिली. एका वेळी त्यातलं १० टक्के, सुमारे ०.२ मिली. चाचणीचं किट ०.५ मिली मागत असेल तर किट बदला.

आणि शेपटीला धरून उचलण्याची सवय मोडा. नळीत शिरू देऊन किंवा दोन्ही ओंजळींत उचललेले उंदीर कमी घाबरतात आणि त्यांची मोजमापंही स्थिर येतात.

पुण्याच्या हवेत ॲनिमल हाउस चालवताना कशाकडे लक्ष द्यावं?

सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के, तासाला १२ ते १५ वेळा हवा बदल, आणि १२ तास उजेड, १२ तास अंधार. २५ ग्रॅमपेक्षा जड उंदराला किमान ९६.७ चौरस सेंटिमीटर जमीन. कागदावर सोपं दिसतं.

एप्रिल-मे मध्ये पुण्याची हवा कोरडी आणि त्यात एसी अखंड चालू. आर्द्रता खाली गेली की रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, पिल्लांच्या शेपटीवर वळ्यांसारख्या आवळ्या पडतात, त्याला रिंगटेल म्हणतात. वेळेत लक्ष दिलं नाही तर शेपटी गळते. दोष खाण्यात शोधत बसू नका, आधी आर्द्रतामापक बघा. दुसरीकडे आपल्याला सुखद वाटणारे २२ अंश लहान उंदराला थंडच असतात; त्याला सुखाचं तापमान ३० च्या आसपास. म्हणून प्रत्येक पिंजऱ्यात घरट्यासाठी ८-१० ग्रॅम कागदाच्या पट्ट्या टाका. भाताचा तूस बसायला चालतो, घरट्याला उपयोगी नाही.

आवाजाचं काय, हा प्रश्न या शहरात गणपतीत येतोच. ढोलताशांचा आवाज भिंतींतून पोचतो, आणि गोंगाटाने बिथरलेल्या माद्या नवजात पिल्लं खातात. रस्त्याकडेच्या खोलीत पैदास ठेवू नका. त्या दहा दिवसांत वर्तनाच्या चाचण्या लावू नका. मागाहून आकडे सावरता येत नाहीत.

कोव्हॅक्सिनसाठी पुण्यात माकडांवर प्रयोग झाला होता, ते योग्य होतं का?

झाला होता. २०२० मध्ये राष्ट्रीय विषाणू संस्थेने २० ऱ्हिसस माकडं वापरली. पाच-पाचचे चार गट, एक विनालशीचा, तीन लशीच्या वेगवेगळ्या घटकयोजनांचे. दोन डोस १४ दिवसांच्या अंतराने दिले, दुसऱ्या डोसानंतर १४ दिवसांनी विषाणू दिला. लस न दिलेल्या माकडांना न्यूमोनिया झाला, लस दिलेल्यांना झाला नाही. फुप्फुसं तपासायची म्हणजे प्राण्यांना मारावंच लागतं, आणि तसं केलं गेलं. माकडं प्रयोगासाठी वाढवलेली नव्हती. ती वनखात्याच्या परवानगीने नागपूरकडून पकडून आणलेली होती.

बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. लस घेतलेल्याला संसर्ग झाल्यावर आजार उलट बळावतो का, हे त्या वेळी माणसावर मुद्दाम तपासणं शक्य नव्हतं, आणि पेशींच्या थाळीत हा प्रश्न विचारताच येत नाही. विरुद्ध बाजूचा मुद्दाही पोकळ नाही. माणसांवरची पहिली चाचणी जुलै २०२० मध्ये सुरू झाली आणि माकडांचे निष्कर्ष सप्टेंबरमध्ये जाहीर झाले. म्हणजे माणसांवर जाण्याची परवानगी माकडांवर अवलंबून नव्हती, ती उंदीर आणि सशांवरच्या विषारीपणाच्या चाचण्यांवर मिळाली होती. आमच्या मते प्रश्न रास्त होता आणि संख्याही आवाक्यात होती. पण जंगलातून पकडून आणलेल्या माकडाला बंदिवासाचा ताण वेगळा सोसावा लागतो, त्याचं वय आणि आधीचे आजार नीट माहीत नसतात. तो भाग समर्थनीय मानणं जड जातं. देशात अशा कामासाठी वाढवलेली पुरेशी माकडं असती तर ही वेळ आली नसती.

प्राण्यांवर सुरक्षित ठरलेलं औषध माणसालाही सुरक्षित असतं का?

नेहमी नाही. लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं. मात्रा माकडांनी पचवलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढी होती. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले, सुदैवाने वाचले. हे प्रतिपिंड ज्या रेणूला चिकटतं तो माकडाच्या काही टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या पेशींवर) नसतो आणि माणसाच्या त्याच पेशींवर असतो, एवढाच फरक होता. पण सहाही जणांना औषध काही मिनिटांच्या अंतराने देण्यात माकडांचा काय दोष? आज पहिल्या व्यक्तीला देऊन थांबतात, मग पुढच्याला.

थॅलिडोमाइडचा दाखला दोन्ही बाजूंचे लोक देतात. १९५७ मध्ये जर्मनीत आलेल्या या गोळीने दहा हजारांवर बालकं व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ती मागे घेतली गेली. बाजारात येण्यापूर्वी गाभण प्राण्यांवर ती नीट तपासलीच नव्हती. नंतर तपासल्यावर सशांत व्यंगं दिसली, रॅटमध्ये जवळजवळ नाहीत. म्हणजे प्राणी निरुपयोगी नव्हते. चुकीचा प्राणी घेतला असता तर दिलासाही खोटाच मिळाला असता. प्राणी निवडताना ‘आमच्याकडे रॅट आहेत’ हे कारण पुरेसं का नाही, ते यावरून कळावं.

माणसांवरच्या चाचण्यांत जाणारी दहापैकी नऊ औषधं बाजारापर्यंत पोचत नाहीत, हेही खरं. त्यातली सगळी प्राण्यांमुळे फसतात असं नाही. काही परिणाम न दिसल्यामुळे, काही पैशांअभावी थांबतात.

मग पर्याय वापरून हे सगळं बंद का करत नाही?

जिथे पर्याय खरोखर उभा राहिला तिथे बंद झालंच आहे. पन्नाशीपुढच्या वाचकांना कुत्रा चावल्यावरची पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनायची आणि क्वचित घेणाऱ्याला लकवा करायची. २००४ च्या अखेरीस भारताने तिचं उत्पादन थांबवलं. आजची लस पेशीसंवर्धनात तयार होते, दंडात चार-पाच टोचण्यांत काम होतं. मेंढीही सुटली आणि माणूसही.

विषारीपणाची जुनी चाचणी, निम्मे प्राणी मरतील ती मात्रा शोधण्याची, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमावलीतून काढली गेली. आता एका टप्प्यात तीनच प्राणी घेतात, सुरुवात किलोला ५, ५०, ३०० किंवा २००० मिलिग्रॅमपासून, आणि बहुधा दोन ते चार टप्प्यांत निकाल लागतो. इंजेक्शनमुळे ताप येतो का हे पाहायला तीन सशांच्या कानातल्या शिरेत द्रव टोचून तीन तास त्यांचं तापमान मोजायचे. बहुतेक ठिकाणी त्याची जागा नालखेकड्याच्या रक्ताच्या चाचणीने घेतली. सशाऐवजी खेकडा, हा काही पूर्ण विजय नव्हे. म्हणून त्याच घटकाची प्रयोगशाळेत बनवलेली आवृत्ती वापरायला सुरुवात झाली आहे.

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नव्या औषधांच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवरच्या चाचण्या, ऑर्गन-ऑन-चिप (छोट्या चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची प्रतिकृती) वगैरे प्राणीविरहित पद्धतींना जागा दिली. पण चिपवरचं यकृत गाभण राहत नाही, त्याला रक्तदाब नसतो, वर्षभर औषध खाल्ल्यावर काय होतं ते ती सांगत नाही. पेशी हव्या असतील तर गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचं भांडार आहे. त्या घ्या, मात्र वाढवताना गाईच्या गर्भाचं सीरम वापरणार असाल तर ‘प्राणीविरहित’ हा शब्द अर्जात लिहू नका. सीरममुक्त माध्यमं मिळतात, पेशी त्यांत रुळायला काही फेऱ्या जातात.

कॉलेजात बेडूक कापावा लागतो का?

आता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद केलं. औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेलं एक्सफार्म हे सॉफ्टवेअर बरीच कॉलेजं वापरतात.

सौंदर्यप्रसाधनांचं काय?

२०१४ पासून भारतात प्राण्यांवर चाचणी करायलाही बंदी आहे आणि तशी चाचणी केलेली प्रसाधनं आयात करायलाही.

रस्त्यावरची कुत्री प्रयोगांसाठी उचलून नेतात, हे खरं आहे का?

प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडून घ्यायचे आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची असा नियम आहे. रस्त्यावरचं कुत्रं शास्त्रीयदृष्ट्याही निरुपयोगी: वय, आजार, लसीकरण काहीच माहीत नसतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रफितीतली गाडी बहुधा नसबंदीसाठी नेणारी असते.

प्रयोग संपल्यावर प्राण्यांचं काय होतं?

उंदीर बहुतेक वेळा मारले जातात, कारण अवयव तपासायचे असतात. कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर तो मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के वेगाने सोडतात. आधीच वायूने भरलेल्या पेटीत प्राणी टाकणं ही चूक आहे, त्यात त्याची घुसमट शुद्धीवर असताना होते. मृत्यूची दुसऱ्या पद्धतीने खात्री करायलाच हवी. पिल्लांना हा वायू पुरत नाही, ती बराच वेळ तग धरतात. कुत्र्यांसारख्या मोठ्या प्राण्यांचं पुनर्वसन करायचं असतं, आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो. प्रकल्पाचे पैसे संपल्यावर दत्तक घेणारे शोधणं जमत नाही.

मी जीवहिंसा मानत नाही. असं तपासलेलं औषध मी नाकारावं का?

निर्णय तुमचा. पण दुकानातली जवळपास प्रत्येक आधुनिक गोळी कधीतरी प्राण्यांवर तपासलेली आहे, आणि तुम्ही ती न घेतल्याने आज एकही प्राणी वाचत नाही. औषधात प्राणिज घटक आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारून फरक पडतो. आजचं इन्शुलिन जंतूंकडून किंवा यीस्टकडून बनवून घेतलेलं असतं. रक्त गोठू न देणारं हेपारिन मात्र डुकराच्या आतड्यापासून येतं आणि कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं. डॉक्टरांना आधी सांगितलं तर काही वेळा पर्याय निघतो. तातडीच्या वेळी नाही निघत.

पण मुळात आपल्याला हा हक्क दिला कुणी?

कुणीच नाही. प्राणी संमती देत नाही, फायदा दुसऱ्याचा, झळ त्याची. हा हिशेब कुठल्याही युक्तिवादाने पूर्ण बरोबर येत नाही. दुसऱ्या बाजूला, १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेपासून माणसावरच्या प्रयोगाआधी प्राण्यांवरची माहिती असावी असं मानलं गेलं, कारण संमती न विचारता माणसांनाच वापरलं की काय होतं हे तेव्हा ताजं होतं. आम्ही धरतो ती भूमिका अशी: उत्तर खरोखर हवं असेल, दुसऱ्या मार्गाने मिळत नसेल आणि प्रयोग असा आखला असेल की उत्तर मिळेलच, तरच प्राणी वापरणं सहन करता येतं. यातली तिसरी अट सगळ्यात जास्त मोडली जाते.

विज्ञान न शिकलेली व्यक्ती यात काही करू शकते का?

समितीतली समाजाभिमुख सदस्याची जागा तुमच्यासाठीच आहे. शिक्षक, वकील, निवृत्त बँक कर्मचारी कुणीही चालतं. संस्थेच्या प्रमुखांना लेखी कळवा. बैठकीत लाजू नका. ‘हे मराठीत दोन मिनिटांत समजावून सांगा’, ‘रात्री प्राण्यांना कोण बघतं?’, ‘निकाल नकारात्मक आला तरी छापणार का?’ या तीन प्रश्नांनी भले भले अर्ज थांबतात.

गैरप्रकार दिसला तर तक्रार कुठे करायची?

आधी संस्थेच्या नीतिसमितीच्या अध्यक्षांना आणि त्याच पत्राची प्रत सीसीएसईएला. पत्रात तारीख, वेळ, खोली, प्राण्याची जात, अंदाजे संख्या आणि पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवरचा मंजुरी क्रमांक लिहा. चिठ्ठीच नसेल तर तेच पहिलं वाक्य करा, कारण मंजुरी क्रमांकाविना पिंजरा ठेवणं हाच स्वतंत्र दोष आहे. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी तक्रारीची पोच घ्या. गवगवा आधी झाला तर तपासणीच्या दिवशी खोली धुतलेली आणि नोंदवही नवी कोरी मिळते.